चौकोनी, जाड अक्षरं बघितली की 'फ्युचर' का आठवतं? आणि मराठीत तसं का दिसत नाही?

दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली. २०२२ मध्ये कायद्यात बदल झाला, मग सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि सगळीकडे बोर्ड बदलायची पळापळ सुरू झाली. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असं नियम सांगतो, पण ती दिसावीत कशी ते तुमचं तुम्ही बघा. आता जिम, मोबाइलचं दुकान, इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम, गेमिंग कॅफे अशांचे बोर्ड बघा जरा. इंग्रजी नाव एकदम जाडजूड, रुंद, चौकोनी, कोपरे थोडे गोलावलेले, स्पेसशिपवर शोभेल असं, आणि शेजारी तेवढ्याच मापात मराठी नाव, ज्या अक्षरात तलाठी ऑफिसातली सूचना टाइप होते त्या अक्षरात.

मग लोक म्हणतात मराठी लिपीच मुळात 'मॉडर्न' दिसत नाही, तिला काय करणार. मला हे पटत नाही. त्या इंग्रजी अक्षरांमध्ये जे 'भविष्य' दिसतं ते खरं तर जुन्या मशिनींनी मागे ठेवलेले वळ आहेत, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या. मराठी अक्षरांच्या वाट्याला त्या मशिनी फारशा आल्याच नाहीत. हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

आधी दोन शब्द क्लिअर करू

फॉन्ट म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. अक्षरांच्या डिझाइनला टाइपफेस म्हणतात आणि ते डिझाइन कॉम्प्युटरवर ज्या फाइलमधून येतं तो फॉन्ट, पण बोलताना सगळे फॉन्टच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

दुसरा शब्द डिस्प्ले. काही फॉन्ट पानभर मजकूर वाचायला केलेले असतात, पेपरची बातमी, पुस्तक वगैरे. काही फॉन्ट फक्त मोठ्या साइजमध्ये चार-पाच शब्द दाखवायला असतात, बोर्ड, पोस्टर, लोगो, टीशर्ट. हे दुसरे ते डिस्प्ले. त्यांनी एक परिच्छेद सेट केला तर डोकं दुखेल, आणि तो त्यांचा दोष नाही.

'जॉमेट्रिक' म्हणजे पट्टी आणि कंपास, पण पूर्ण प्रामाणिकपणे नाही

जॉमेट्रिक फॉन्टमध्ये अक्षरं हाताच्या वळणातून येत नाहीत. बोरू किंवा निब फिरवताना रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, ते इथे काढून टाकलेलं असतं. सरळ रेघा, गोल, चौकोन, सगळीकडे एकच जाडी. १९२७ चा जर्मनीतला फ्युचुरा हा फॉन्ट यातला सगळ्यात प्रसिद्ध, पॉल रेनर या माणसाने केलेला. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर जी धातूची पाटी ठेवली तिच्यावरची अक्षरं फ्युचुरातली आहेत.

पण एकच जाडी म्हणतात ती खरी एकच नसते. आपल्या डोळ्याला आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते, त्यामुळे डिझायनर आडव्या रेघा गुपचूप थोड्या बारीक करतो. गोल अक्षर चौकोनी अक्षराएवढंच उंच काढलं तर लहान वाटतं, म्हणून इंग्रजी ओ हा एचपेक्षा किंचित उंच असतो, वर आणि खाली थोडा बाहेर आलेला. विश्वास बसत नसेल तर फोनवर मोठ्या साइजमध्ये एस टाइप करा, स्क्रीनशॉट घ्या आणि उलटा करून बघा. सरळ असताना दोन्ही पोटं सारखी वाटणारा एस उलटा केला की डोकं जड झाल्यासारखा दिसतो, कारण खालचं पोट मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं.

म्हणजे पट्टी-कंपासने काढलेलं दिसावं म्हणून पट्टी-कंपास सोडावा लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे मराठीत येताना लागणार आहे.

तुरीन, १९५२

आता आपल्या जाड चौकोनी अक्षरांकडे येऊ. इटलीत तुरीन शहर आहे, फियाट गाड्यांचं गाव, कारखान्यांचं. तिथे नेबिओलो नावाची कंपनी होती, छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं ओतणारी, छपाईची मशिनं करणारी. तिथल्या अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोवारेझे या दोघांनी १९५२ मध्ये मायक्रोग्रामा नावाचा टाइप काढला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती, लहान लिपी नव्हतीच. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, नोवारेझेने तोच विचार पुढे नेऊन लहान अक्षरांसकट युरोस्टाइल केला. आज तुम्ही जे काही 'टेक्नो' दिसणारं बघता त्याच्या खानदानात कुठे ना कुठे हे दोघं सापडतात.

यातला ओ बघा. गोल नाही आणि चौकोनही नाही. कोऱ्या साबणाची वडी चार-पाच दिवस वापरली की कडा झिजून जो आकार होतो ना, बाजू जवळजवळ सरळ पण जराशा फुगीर आणि कोपरे मऊ, तो आकार. गणितात याला सुपरएलिप्स म्हणतात आणि तो नंतर, १९५९ मध्ये, डेन्मार्कच्या पीत हाइनने स्टॉकहोममधल्या एका चौकासाठी सुचवला म्हणून जास्त गाजला. पण तुरीनच्या लोकांनी तो आकार गणितातून आणला नव्हता, तो त्या काळात चहूकडे होताच. तेव्हाच्या टीव्हीच्या काचेचा आकार आठवा, घरी जुना डबा टीव्ही असेल त्यांना लगेच डोळ्यासमोर येईल. विमानाच्या खिडक्या, रेल्वेच्या खिडक्या, रेडिओच्या पट्ट्या, सगळं त्याच घाटाचं. कोपरे गोल ठेवण्यामागे इंजिनिअरिंगही होतं, आतून किंवा बाहेरून दाब येतो तिथे टोकदार कोपऱ्यावर ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच जातो, म्हणून काच असो की पत्रा, कोपरा गोल बरा.

म्हणजे त्या काळातला सगळ्यात नवा माल ज्या आकारात येत होता तोच आकार अक्षरांना दिला. नव्या मालावरची अक्षरं नव्या मालासारखी दिसायला लागली, इतकंच.

चौकोनीच का, आणि इतकं जाड कसं काय परवडतं?

यात एक साधं गणित आहे आणि मला ते फार आवडतं. अक्षराच्या आत जी पांढरी जागा असते, ओच्या पोटातली वगैरे, तिला काउंटर म्हणतात. अक्षर जाड करत गेलं की काउंटर भरत जातो आणि एका पॉइंटनंतर अक्षर म्हणजे नुसता डाग होतो. आता एक चौकोन घ्या आणि त्याच्यात बसणारा गोल काढा, गोलाचं क्षेत्रफळ चौकोनाच्या साधारण ७८ टक्के भरतं, म्हणजे चार कोपऱ्यांत मिळून पाचवा हिस्सा जागा गेली. पोट चौकोनी ठेवलं तर ती जागा परत मिळते, त्याच रुंदीत काउंटर मोठा, आणि मग रेघ अजून जाड करायला वाव.

त्यात अक्षरं रुंद केली की ईच्या तीन आडव्या रेघांना श्वास घेता येतो. उंची तेवढीच, पण रुंदी जास्त असल्याने अक्षर गच्च वाटत नाही. मायक्रोग्रामा छोट्या साइजमध्येही नीट वाचता यायचा तो याच मोकळेपणामुळे, आणि मशिनवरच्या पट्ट्या, डायल, बटणांखालची नावं यासाठी असली अक्षरं बरोबर बसतात. 'इंडस्ट्रियल' दिसण्यातला बराच भाग हा असा कामातून आलेला आहे. जर्मनीत तर १९३० च्या दशकात डीआयएन १४५१ म्हणून अक्षरांचं स्टँडर्डच काढलं, कारखाना, रस्ता, नकाशा सगळीकडे चालेल असं, आणि चौकटींच्या कागदावर पट्टीने कुणालाही काढता येईल असं. त्यात सौंदर्य वगैरे कुणी शोधत नव्हतं. आज तेच अक्षर महागड्या कॉफीच्या पाकिटावर दिसतं, असो.

चेकच्या खालचे विचित्र आकडे

भविष्याचा दुसरा वळ तुमच्या कपाटात आहे. चेकबुक काढा. खाली पांढऱ्या पट्टीवर जे आकडे छापलेत, कुठे मध्येच जाड गोळा, कुठे बारीक रेघ, ते बघा. ते एमआयसीआरचे आकडे. त्यांची शाई चुंबकीय असते, मशिनमधून चेक सरकताना प्रत्येक आकड्यातली शाई कुठे जास्त कुठे कमी यावरून वेगळी लहर तयार होते आणि मशिन ओळखतं की हा २ आहे, हा ५ आहे. आकडे विचित्र दिसतात ते यामुळे, त्यांचा पहिला वाचक माणूस नव्हता. १९५० च्या दशकात अमेरिकेत बँकांसाठी हे झालं, आपल्याकडेही तेच आकडे आले. त्यातला नऊ आकडी कोड सुरुवातीचे तीन आकडे शहराचे घेतो, मुंबई ४००, पुणे ४११, पिनकोडसारखेच.

गंमत म्हणजे या संचात दहा आकडे आणि चार खुणा आहेत, बस. ए-बी-सी नाहीच. पण १९६० च्या दशकात डिझायनर लोकांना वाटलं कॉम्प्युटरची अक्षरं अशी दिसत असणार, आणि त्यांनी त्याच घाटाची पूर्ण एबीसीडी काढली. १९७० चा डेटा ७० हा लेट्रासेटचा फॉन्ट त्यातलाच, लेट्रासेट म्हणजे कागदावर घासून अक्षर चिकटवायच्या शीट, आपल्याकडच्या जुन्या कमर्शियल आर्टिस्टना चांगल्या आठवत असतील. तर कॉम्प्युटरची म्हणून जगभर गाजलेली ही अक्षरं कुठल्याही कॉम्प्युटरने कधी वाचलेली नाहीत!

त्याच सुमाराला नेदरलँड्समध्ये विम क्रौवेलने १९६७ मध्ये न्यू अल्फाबेट केला, त्यात गोलाईच नाही, फक्त उभ्या-आडव्या रेघा, कारण तेव्हाच्या सीआरटीवर, म्हणजे डबा टीव्हीसारख्या काचेच्या पडद्यावर, अक्षरं उमटवणाऱ्या मशिनींना गोल रेघ धड जमत नव्हती. काही अक्षरं तर ओळखूच येत नाहीत. दिसायला एक नंबर, वाचायला अशक्य.

मग सिनेमावाल्यांनी काय केलं

१९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' आला आणि त्यातल्या यानांमध्ये युरोस्टाइलचं जाड, रुंद रूप दिसलं. कुब्रिकला यान खरं वाटायला हवं होतं, आणि खऱ्या मशिनवर तेव्हा असलीच अक्षरं असायची. मग पुढच्या साय-फाय सिनेमांनी ते उचललं, त्यांच्याकडून व्हिडिओ गेमवाल्यांनी, आणि प्रेक्षकांच्या डोक्यात पक्कं बसलं की ही अक्षरं म्हणजे भविष्य. आता गाडी किंवा हेडफोन बनवणारी कंपनी तेच अक्षर उलट सिनेमातून उचलते. कारखान्यातून पडद्यावर, पडद्यावरून परत कारखान्यात, असं ते फिरतंय.

आकाराला स्वतःचं भविष्य नसतं हे यावरून कळतं. आपल्याला तशी सवय लावली गेली.

अजून एक युक्ती सांगतो, कारण ती लोगोत फार चालते. नासाचा १९७५ चा लोगो, ज्याला 'वर्म' म्हणजे इंग्रजीतली अळी म्हणतात, रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न या दोघांच्या स्टुडिओने केला. त्यातल्या दोन्ही 'ए' अक्षरांमधली आडवी रेघ गायब आहे. अक्षरातला एक अवयव काढून टाकायचा, उरलेलं वाचक शब्दावरून ओळखतो, आणि अक्षर एकदम हलकं, वेगवान वाटतं. १९९२ मध्ये नासाने तो काढून टाकला आणि २०२० मध्ये रॉकेटवर परत आणला, म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा लोगो परत 'फ्युचर' म्हणून चालला.

"अहो पण वाचता आलं की झालं ना, फॉन्टने काय फरक पडतो?"

हे कायम ऐकू येतं. वाचता येणं महत्त्वाचंच, पण शब्द वाचायच्या आधी डोळ्याने अंदाज बांधलेला असतो की हे हॉस्पिटल आहे, हे बार आहे, हे लग्नाचं कार्ड आहे. लग्नपत्रिका युरोस्टाइल बोल्डमध्ये छापून बघा, मजकूर तोच, पण पाहुण्यांना टायरच्या सेलचं आमंत्रण आल्यासारखं वाटेल.

आणि उलटही खरं आहे, हे अक्षर सगळीकडे लावलं की त्याचा अर्थच उरत नाही. हल्ली प्रोटीन पावडरपासून क्रिप्टोपर्यंत सगळ्यांना एकच चेहरा आहे, त्यात तुमचं दुकान वेगळं कसं दिसणार हा विचार पैसे देण्याआधी करायला हवा.

आता मूळ प्रश्न, मराठीत हे का अडतं?

पहिली अडचण, मायक्रोग्रामा फक्त कॅपिटलचा होता. सगळी अक्षरं एका उंचीची, ओळ म्हणजे सरळ पट्टा. आपल्याकडे कॅपिटल हा प्रकार नाही आणि ओळ तीन मजली आहे, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. 'कर्तृत्व' लिहा आणि त्याला एका सरळ पट्ट्यात कोंबून दाखवा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आपली बरीच अक्षरं एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात ती बारीक गोष्टींमुळे. प आणि व घ्या. पची डावी रेघ शिरोरेघेला टेकते, वचं पोट कान्याला लटकतं आणि वर शिरोरेघेपर्यंत थोडी फट राहते. आता वला चौकोनी करा आणि जाड करा, ती फट बुजली की व झाला प. त्यात तिरकी रेघ टाकली की पचा ष आणि वचा ब, म्हणजे एकाच खोक्याची चार रूपं झाली. घ आणि ध, भ आणि म यांचं तर सगळं शिरोरेघेतल्या तुटीवर आणि डावीकडच्या छोट्या गाठीवर चालतं, आणि जाड अक्षरात सगळ्यात आधी बुजते ती गाठच.

म्हणून नासासारखी युक्ती, काहीतरी काढून टाकायची, मराठीत लोक शिरोरेघेवर करतात. शिरोरेघ उडवली की अक्षर झटकन मॉडर्न दिसतं हे खरं आहे, पण तुटलेली रेघ आणि सलग रेघ हा फरकच त्याबरोबर गेला, मग 'भ'ला वाचवायला फक्त ती गाठ उरते. दोन अक्षरी लोगोत चालून जातं, दहा अक्षरी नावात नाही.

म्हणजे जमत नाही का? जमतं. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको, खंड आणि राजधानी हे फॉन्ट बघा, २०१४ पासून गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. राजधानीमध्ये चौकोनी, आटोपशीर अक्षरं आहेत आणि कोपरे किंचित गोल, एकदम तांत्रिक दिसतात. टेको हेडिंगसाठीच केलाय. यांनी इंग्रजीचा ओ आणून त्याला शिरोरेघ चिकटवलेली नाही, देवनागरीचा सांगाडा ठेवून त्याची वळणं सरळ केली आहेत, आणि जिथे जागा कमी पडते तिथे रेघ बारीक केली आहे. मगाशी पट्टी-कंपास सोडायचं म्हणालो ते हेच, मराठीत ते जास्त वेळा करावं लागतं एवढंच.

एका बाबतीत तर आपली लिपी या कामाला जास्त सोयीची आहे. बोर्डाची अक्षरं हल्ली ॲक्रिलिक किंवा पत्र्यात कापतात, आत एलईडी बसवतात. एलईडी मावायला रेघ जाड लागते, आणि कापणाऱ्या राउटर मशिनचं फिरतं पातं (बिट) गोल असल्यामुळे आतला कोपरा टोकदार निघतच नाही, थोडा गोल येतोच. म्हणजे जाड रेघ, गोल कोपरे, सगळं मशिनच मागतं. वर इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं बसवावं लागतं, मराठीत शिरोरेघेमुळे बराचसा शब्द सलग तुकड्यात निघू शकतो, सरळ रेषेत बसवायची कटकट कमी. सुटा राहतो तो अनुस्वार, आणि पावसाळ्यानंतर बोर्डावरून गायब होतो तोही तोच. डिझाइन करतानाच त्याला मोठा, चौकोनी ठेवून मागून नीट आधार दिला तर टिकतो.

"कोरलमध्ये ताणून देतो की, नवा फॉन्ट कशाला?"

बोर्डवाल्याचं हे ठरलेलं उत्तर, कोरल म्हणजे त्याचं डिझाइनचं सॉफ्टवेअर. साधा फॉन्ट घ्यायचा, आडवा ताणायचा, आउटलाइन वाढवून जाड करायचा. आडवं ताणलं की फक्त उभ्या रेघा जाड होतात, म्हणजे काने खांबासारखे आणि शिरोरेघ बारीक. आणि आउटलाइन ही रेघेच्या दोन्ही बाजूंना वाढते, बाहेरही आणि आतही, म्हणजे धची गाठ, ठचं पोट, क्षची फट, सगळं बंद. मूळ फॉन्टमध्येच बोल्ड वजन असेल तर ते वापरा, नसेल तर दुसरा फॉन्ट घ्या.

फुकट फॉन्ट घेताना लायसन्सची एक ओळ वाचा. 'पर्सनल युज' लिहिलं असेल तर दुकानाच्या बोर्डावर चालत नाही. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर धंद्यासाठी बिनधास्त वापरा, फक्त ती फॉन्टची फाइल एकटी विकायची नाही.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी त्या फॉन्टमध्ये तुमच्या नावाबरोबर हे शब्द टाइप करा: घर, धर, भात, मात, पट, वट, बट, षटकार, ठग, ढग, कर्तृत्व, दुसऱ्या. प्रिंट काढा, भिंतीला लावा आणि ज्याने यादी बघितलेली नाही अशा कुणालातरी रस्त्याच्या पलीकडून मोठ्याने वाचायला सांगा. 'धर'चं 'घर' झालं किंवा 'दुसऱ्या'मधला र्‍य फुटून निघाला तर तो फॉन्ट मराठीत तपासलेला नाही असं समजा आणि दुसरा बघा.